माझ्या पोटातला रुमाल

थांबा, मित्रांनो, मला लगेच वाजवू नका. आधी माझं थोडं ऐकून घ्या. मी एक जुनी पितळी घंटा आहे, लाकडी मुठीची, हातात धरून हलवायची. आता तुमच्या शाळेच्या कपाटात बसून मी मधल्या सुट्टीची वाट बघते. पण माझं सारं आयुष्य नगरसभेच्या दालनात, अध्यक्षांच्या टेबलावर गेलं. तिथे जे ऐकलं त्यातलं निम्मं मला अजून उमगलेलं नाही. मी आहेच मुलखाची चौकस. न उमगलेलं पोटात ठेवून गप्प बसणं मला जमत नाही.

माझा जन्म ओताऱ्याच्या भट्टीत झाला. त्याने मोडीत आलेले नळ, दाराच्या कड्या, फुटके दिवे आणि कुणा बँडवाल्याचं चेपलेलं वाद्य असं सगळं एकत्र वितळवलं आणि साच्यात ओतलं. माझ्यातला कुठला भाग नळाचा आणि कुठला दिव्याचा, हे खुद्द ओताऱ्यालाही सांगता आलं नसतं. मी निवाले तेव्हा त्याने मला टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि बायकोला म्हणाला, "आवाज खणखणीत आहे." माझ्या रंगारूपाविषयी तो चकार शब्द बोलला नाही. म्हणजे घंटेला आवाजावरून जोखतात, एवढं मला तेव्हाच कळलं. माणसांचंही तसंच असेल असं मी धरून चालले.

नगरसभेचं दालन उंच छताचं होतं. एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला नुसती भिंत. दोन पक्ष दोन बाजूंना बसत, म्हणून सारं गाव त्यांना खिडकीवाले आणि भिंतवाले म्हणे. त्यांची खरी नावं लांबलचक होती आणि ती फक्त फलकांवर असत. उन्हाळ्यात खिडकीवाल्यांना झळा लागत, पावसाळ्यात भिंतवाल्यांच्या डोक्यावर पोपडे पडत, आणि दोघांनाही वाटे की आपले हाल समोरच्यांमुळेच होतात. असं का वाटतं हे मी पुष्कळदा शोधायचा प्रयत्न केला.

माझं काम सगळ्यांत पहिल्या अध्यक्षांनी ठरवून दिलेलं होतं. सभेत कुणी कुणाच्या कातडीवरून, चेहऱ्यावरून किंवा जन्मावरून बोललं, की अध्यक्षांनी मला वाजवायचं. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला, की बोलणाऱ्याने उभं राहायचं, ज्याला लागलं त्याच्याकडे तोंड करायचं, शब्द मागे घ्यायचे आणि खाली बसायचं. दंड नाही, शिक्षा नाही. तरी मोर्चात लाठ्या खाऊन आलेली माणसंसुद्धा त्या उभं राहण्याला टरकून असत.

मी सगळ्यांत जास्त दिवस ज्यांच्या हातात राहिले त्या अध्यक्षबाई. त्या खिडकीवाल्यांच्या. पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे बोलणं तोलूनमापून. चष्म्याला साखळी आणि कमरेला निळ्या काठाचा रुमाल खोचलेला. प्रत्येक सभेआधी त्या मला त्याच रुमालाने आतूनबाहेरून पुसायच्या. खोटं कशाला बोलू, मला त्या फार आवडायच्या.

त्यांच्याच पक्षात सिस्टर होत्या. सरकारी दवाखान्यात परिचारिका, रंगाने चांगल्या काळ्यासावळ्या, कामाला वाघ. एका सभेत त्यांनी दवाखान्याच्या जिन्यावर दिवे मागितले. तेवढ्यात भिंतवाल्यांचे पुढारी उठले. त्यांना सगळे काका म्हणत. काका म्हणाले, कोळशाने उजेडाच्या गोष्टी सांगू नयेत. भिंतवाले खो खो हसले. बाईंनी क्षणाचाही विलंब न लावता मला उचललं आणि अशी वाजवली की खिडकीतली कबुतरं उडाली. काकांना उभं राहावं लागलं. छताकडे बघत ते म्हणाले, कुणाला लागलं असेल तर शब्द मागे, आणि मटकन बसले.

मला मात्र कोडंच पडलं. कोळसा मी भट्टीत पाहिला होता. त्याच्या धगीवर मी घडले. त्याचं नाव घेतलं तर एवढी माणसं हसली का, आणि सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी का आलं?

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला, आणि त्यांच्या हातात मी! खिडकीवाल्यांनी त्याचे मोठाले फलक केले. 'न्यायाची घंटा' असं माझं नाव पडलं. निवडणुकीत खिडकीवाले पुन्हा जिंकले आणि मी अगदी हुरळून गेले. शिपाई मला चिंच लावून घासायचा, आणि मी आरशासारखी लखलखायचे.

मग नव्या सभेत भिंतवाल्यांकडून टॅक्सीवाले निवडून आले. त्यांचे आजोबा कधीकाळी समुद्रापलीकडून आले होते. हे मात्र याच गावात जन्मलेले, गल्ली न् गल्ली पाठ असलेले. रंग सिस्टरांहूनही गडद. त्या सभेची मुदत संपत आली तेव्हा एका भाषणात त्यांनी टॅक्सीच्या थांब्यावर एक दिवा मागितला. संध्याकाळनंतर तिथे बायकामाणसं उभी राहायला घाबरतात, म्हणाले.

आता बाईंच्या धाकट्या भावाची ओळख करून द्यायला हवी. आई गेल्यावर बाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला. तोही खिडकीवाल्यांचा सभासद. गाव त्याला भाऊ म्हणे, आणि खिडकीवाल्यांची निम्मी मतं भाऊच्या शब्दावर पडत. भाऊ हसतहसत उठला आणि म्हणाला, "दिवा कशाला? अंधारात तुम्ही दिसत नाही तेच बरं."

या खेपेला खिडकीवाले हसले. सिस्टर हसल्या नाहीत. टॅक्सीवाले हातातला कागद तसाच धरून उभे होते, आणि पुढचं वाक्य त्यांना काही केल्या सापडेना.

बाईंचा हात माझ्याकडे आला. बोटं मुठीभोवती मिटली. मी वाजायला तयारच होते. पण बोटं सुटली आणि हात मागे गेला. आपल्याला नीट ऐकू आलं नाही, पुढच्या सभेत निर्णय देऊ, असं बाई म्हणाल्या. मित्रांनो, मी त्यांच्या पुढ्यातच होते. मला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

मग जी रणधुमाळी उडाली! काका कडाडले, की हा वर्णद्वेष आहे, हा माणुसकीचा अपमान आहे. खिडकीवाले म्हणाले, साधी गंमत तुम्हाला कळत नाही, प्रत्येक गोष्टीत रंग कसला शोधता? मी ऐकतच राहिले. ही सगळी वाक्यं माझ्या ओळखीची होती. सिस्टरांच्या वेळी 'गंमत' भिंतीकडून आली होती आणि 'अपमान' खिडकीकडून. माणसं आपापल्या जागी होती, भाषणं तेवढी उठून पलीकडे जाऊन बसली होती. सभा संपल्यावर शिपाई खुर्च्या लावतालावता पुटपुटला, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं." यात बाब्या कोण आणि कार्टं कोण, याचा मी बराच विचार केला. जो तो आपापल्या बाकावरून बघतो, त्यामुळे ते दर वर्षी बदलत असावं.

पुढच्या सभेच्या दिवशी बाई लवकर आल्या. पाठोपाठ भाऊ आला. त्याने दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं, की निवडणूक तोंडावर आहे, काका या क्षणाची वाटच बघतोय, तू मला उभं केलंस तर माझं राजकारण संपलं. मग म्हणाला, "ताई, मी तुझा कोण आहे ते विसरू नकोस." भाऊ गेला. बाईंनी कमरेचा रुमाल काढला. मला वाटलं, नेहमीसारखं पुसणार. पण त्यांनी मला उलटी केली, माझ्या आतल्या लोलकाला तो रुमाल गुंडाळला आणि गाठ मारली. गाठ काही केल्या नीट बसेना.

सभा भरली. बाईंनी सर्वांसमोर मला उचलून हलवलं. माझ्या पोटात नुसतं थप् थप् झालं. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा गेला नाही. बाई म्हणाल्या, घंटा वाजवली आहे, आता पुढचा विषय. भाऊ आपल्या जागी बसून राहिला. नियमच तसा होता ना, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला तरच उठायचं!

भिंतवाले ओरडले, घंटा वाजलीच नाही. खिडकीवाले ओरडले, वाजली, आम्ही आमच्या कानांनी ऐकली. मग कुणीतरी विचारलं, ऐकली तर भाऊ उठत का नाही? तेव्हा खिडकीवाल्यांनी सांगितलं, की वाजली आहे, पण ऐकू आलेली नाही. यावर काकांनी खिशातून चक्क सायकलची घंटी काढली आणि टेबलावर ठेवून ट्रिंग ट्रिंग वाजवायला लागले. ती बिचारी घाबरून गेली होती. मोठमोठी माणसं माझ्यावरून हमरीतुमरीवर आली, आणि ज्यांच्यासाठी हे सारं चाललं होतं त्या टॅक्सीवाल्यांकडे एकानेही बघितलं नाही. त्यांचा दिवा तर सगळेच विसरले होते.

तेव्हा सिस्टर उठल्या. त्या खिडकीवाल्यांच्या, म्हणून काकांची घंटी थांबली आणि सगळे गप्प झाले. शेजारच्याने त्यांना खाली ओढलं, पण त्या बसल्या नाहीत.

"बाई," सिस्टर म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही घंटा वाजवलीत ती माझ्यासाठी, की काकांच्या विरुद्ध?"

बाईंनी समोरचे कागद सारखे केले.

"मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं, माझ्यासाठी घंटा वाजली म्हणून. आई रडली होती. आज ह्यांच्यासाठी वाजत नसेल, तर त्या दिवशी माझ्यासाठीही वाजली नव्हती. मला ते आईला जाऊन सांगावं लागेल."

बाईंनी चष्मा काढला. मग मला जवळ ओढलं, उलटी केली आणि सर्वांच्या देखत माझ्या पोटात हात घातला. गाठ सुटायला वेळ लागला. निळ्या काठाचा रुमाल बाहेर आला आणि त्यांनी तो उघड्या टेबलावर ठेवला. खिडकीवाल्यांच्या माना खाली गेल्या. बाईंनी मूठ धरली आणि मला वाजवलं.

आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला, दाराबाहेर गेला. भाऊ उठला नाही. तो बहिणीकडे बघत राहिला. बाई वाजवतच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात भरून आला होता, तरी त्यांनी मला खाली ठेवलं नाही. शेवटी भाऊ उठला. टॅक्सीवाल्यांकडे वळून त्याने शब्द मागे घेतले, आणि तसाच तडक दालनाबाहेर गेला.

भिंतवाल्यांनी आनंदाने बाकं बडवली. टॅक्सीवाल्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "सिस्टरांच्या दिवशी मी इथे नव्हतो," ते म्हणाले. "असतो तर मी उठलो असतो, की तुमच्याबरोबर हसलो असतो, कुणास ठाऊक. तेव्हा बाकं नका वाजवू." काकांनी सायकलची घंटी उचलून खिशात टाकली. सिस्टर त्यांच्याकडे बघत होत्या, पण ते काही उठले नाहीत.

पुढे काय झालं म्हणता? निवडणुकीत खिडकीवाले हरले आणि त्याचं खापर बाईंच्या डोक्यावर फुटलं. भाऊ पुष्कळ वर्षं त्यांच्या घरी फिरकला नाही. थांब्यावर दिवा लागला, पण त्यावर नाव कुणाचं घालायचं यावरून आणखी एक सभा भांडणात गेली. जायच्या दिवशी बाईंनी मला त्याच रुमालाने पुसलं, अगदी पहिल्यासारखं, आणि रुमाल घडी करून कमरेला खोचला.

मग नवीन दालन बांधलं. तिथे बटण दाबलं की लाल दिवा लागतो. मला अडगळीत टाकलं. तिथे मी काळीठिक्कर पडले आणि मनात म्हटलं, आता मीही कोळसा! पण एका उंदराचा धक्का लागून मी घरंगळले, तेव्हा आवाज तोच निघाला, खणखणीत. मला फार बरं वाटलं. पुढे अडगळ साफ करताना सिस्टरांनी मला ओळखलं आणि तुमच्या शाळेला देऊन टाकलं.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत ठेवा असं मी म्हणणार नाही. काळी राहिले तरी माझं काही बिघडत नाही. फक्त एक करा. मला हातात घ्याल तेव्हा वाजवण्याआधी उलटी करून माझ्या पोटात डोकावून बघा, कुणाचा रुमाल तर नाही ना. दुसऱ्याचा असेल तर तो तुम्हाला लांबूनच दिसेल, त्याची मला काळजी नाही. आधी आपली कमर चाचपा. आपला रुमाल आपल्या जागेवर आहे ना, तेवढं बघा, आणि मग खुशाल वाजवा.