स्टेपनीचा कौल

कुंडलच्या अलीकडे दीड मैलावर पिकपचं मागचं चाक बसलं, तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या तळपायांची आठवण झाली. चव्वेचाळीस साल होतं. खोटी साक्ष देणाऱ्याला भूमिगत लोक उसात नेतात आणि तळपाय काठीने फोडून काढतात, असं कराडात सगळे सांगत. सांगणाऱ्यांपैकी कुणी लंगडत नव्हतं, एवढाच काय तो दिलासा.

मी खोटी साक्ष द्यायलाच तासगावला निघालो होतो. शाळेमागची टेलिग्राफची तार कुणीतरी तोडली. फौजदार आले, त्यांनी मला खुर्चीवर बसवून चहा पाजला आणि एका जबाबावर माझी सही घेतली. कुंडलच्या कृष्णात नावाच्या इसमाला मी तार तोडताना पाहिलं, असं त्यात होतं. मी कृष्णातला पाहिलं नव्हतं, तारही पाहिली नव्हती. चहा मात्र चांगला होता. हेच कोर्टात सांगितलं नाही तर मास्तरकी जाईल, असं फौजदारांनी जाता जाता सुचवलं.

गाडी गुळाच्या एका अडत्याची होती आणि चालवत होता केरबा. पहिल्या महायुद्धात त्याने बसऱ्याला खेचरं हाकली होती. मोटारीशीही तो त्याच भाषेत बोले.

"स्टेपनी काढ," मी म्हणालो.

"काढतो की," तो म्हणाला आणि जागचा हलला नाही.

स्टेपनी बॉनेटच्या बाजूला, मडगार्डाच्या खोबणीत उभी होती. दर खंडेनवमीला केरबा गाडीची पूजा करी आणि तेलात कालवलेला शेंदूर स्टेपनीच्या मधल्या नटाला फासत असे. अशी सहा वर्षं झाली होती. नट आता दिसतच नव्हता. बोटभर जाड शेंदराचं कवच आणि त्यात बसवलेले चांदीचे दोन डोळे.

"डोळे कुणी बसवले?"

"मालकाच्या आईनं. नवस हुता."

पान्याला धरायला जागा नव्हती. हातोडीने कवच फोडणं भाग होतं. केरबाने हातोडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि खाली केली.

"सा वर्सं पंक्चर न्हाई, मास्तर. हिनंच राखलं. आता हिच्याच डोस्क्यात घालू व्हय?"

एवढ्यात उसातून तिघे बाहेर आले. दोघांच्या हातात काठ्या होत्या. तिसऱ्याच्या हातात काही नव्हतं, म्हणजे तोच म्होरक्या.

"ह्ये कोन?" त्याने विचारलं.

"मास्तर. तासगावला साक्षीला चाललंत," केरबा म्हणाला.

हा माणूस बसऱ्याहून जिवंत कसा परतला, याचं मला नवल वाटलं.

"कृष्णातच्या खटल्यातलं मास्तर व्हय? मी हंबीरराव. त्येचा चुलता. तुमास्नी भेटायचं लय दिस मनात हुतं."

मी नमस्कार केला. हात एकमेकांना सापडायला वेळ लागला.

"पर आदी गाडी हलवा," हंबीरराव म्हणाले. "चारला पोलिसांची लॉरी हितनं जाती. गाडी बघून थांबली, तर उसात आमचं सामान हाय."

केरबाने अडचण सांगितली. हंबीररावांनी डोळे पाहिले आणि चपला काढल्या.

"मंग कौल लावा."

केरबाने रस्त्याकडेच्या तरवडाच्या दोन पिवळ्या पाकळ्या रेडिएटरच्या पाण्यात भिजवून शेंदरावर डावी-उजवीकडे चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"देवा, फोडू का?" केरबाने विचारलं. थोड्या वेळाने उजवी पडली. त्याने हातोडी उचलली.

"थांब रं," हंबीरराव म्हणाले. "देव फुटल्यावर कौल कुनाला लावायचा? आदी मास्तरांचं बघू. देवा, मास्तर उद्या खरं बोलनार का?"

केरबाने पडलेली पाकळी भिजवून पुन्हा लावली. मी सायन्स शिकवतो. ओली पाकळी का चिकटते आणि वाळली की का पडते, हे मी सातवीच्या मुलांना समजावून दिलेलं आहे. तरी मी त्या उजव्या पाकळीला मनातल्या मनात म्हणत होतो, पड बाई, पड.

डावी पडली.

"चपला काढा, मास्तर," हंबीरराव म्हणाले. जेवायला बसवावं तसा सूर होता.

मी काढल्या. रस्ता तापलेला होता आणि मला थंडी वाजत होती.

"आवं हंबीरराव," केरबा मान खाजवत म्हणाला, "उजवी म्हंजी देवाची का आपली?"

"आपली."

"आमच्यात बिरोबाला देवाची धरत्यात. देव आपल्याकडं त्वांड करून बसतोय. आपली डावी ती त्येची उजवी. म्हंजी मास्तर खरं बोलनार."

हंबीररावांनी स्टेपनीसमोर आधी आपला उजवा हात धरून पाहिला, मग डावा. "मंग पयला कौल बी उलटला की. देव फोडू नगं म्हनतोय."

म्हणजे नट सुटायचा तर माझे पाय फुटणार, आणि पाय वाचायचे तर नट तसाच राहणार. पलूसच्या बाजूने लॉरीची घरघर ऐकू आली. काठीवाले उसाकडे सरकले आणि त्यांतल्या एकाने माझं मनगट धरलं.

मी दुसऱ्या हाताने केरबाची हातोडी ओढून घेतली. "देवाचा नकार आहे," मी म्हणालो. आवाज कुठून आला कोण जाणे. "तुम्ही कुणी हात लावू नका. पाप माझं."

मनगट सुटलं. मी डोळे मिटून घाव घातला. कवच अखंड निघालं आणि नेमकं माझ्या उघड्या पावलावर पडलं. केरबाने नट बोटांनीच फिरवून काढला. सहा वर्षांत त्याने तो कधी आवळलाच नव्हता. शेंदरावरच भागत होतं.

हंबीरराव माझ्याकडे टक लावून पाहत होते. "देवाला भ्याला न्हाई तुमी. फौजदाराला काय भिनार," ते म्हणाले आणि उसात शिरले. लॉरी आली तेव्हा आम्ही चाकाचे नट आवळत होतो. शिपायांनी मला सलाम केला. येरळा नदीत सोडेपर्यंत ते कवच माझ्या मांडीवर होतं आणि डोळे मिटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभा राहिलो तर समोर फौजदार होते आणि मागच्या गर्दीत हंबीरराव. माझ्या पायांपर्यंत कोण आधी पोचेल, याचा मी विचार केला आणि सांगितलं, मी काहीच पाहिलं नाही. कृष्णात सुटला. मास्तरकी गेली.

सत्तेचाळीस साली ती परत मिळाली, वर निर्भयपणाबद्दल कुंडलला सत्कारही ठरला. अध्यक्ष हंबीरराव होते. व्यासपीठावर जाजम अंथरलं होतं. मी पायरीवर पाय ठेवला.

"चपला काढा, मास्तर," हंबीरराव म्हणाले, त्याच सुरात.

लोक अजून सांगतात, मास्तर इतके भारावले की त्यांना वर धरून न्यावं लागलं.