नवसाबाईंचा आग्रह

नाशिक रोडला शेखरच्या फ्लॅटमध्ये शेंगदाण्याचा डबा नव्हता. भाजीला कूट नाही, कोशिंबिरीला नाही, उपासालाही नाही. शेखरच्या आईला, कळवणच्या नवसाबाईंना, लेकाच्या घरातली ही एक गोष्ट काही केल्या पटत नव्हती. त्यांच्याकडे चटणीपासून लाडवापर्यंत दाणाच असायचा, आणि दारात आलेला माणूस खाल्ल्याशिवाय परत जात नसे. मग तो पोस्टमन असो, जावई असो, की विहिरीवरच्या मोटारीची वायर बघायला आलेला माणूस. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या ताटात नवसाबाई दोनदा वाढायच्या. गावात त्यांच्या आग्रहाचं नाव होतं.

त्या मुक्कामाला आल्या तेव्हा सून योगिनीने त्यांना दारातच थांबवलं.

“आई, पिशवीत लाडू आहेत ना? पिशवी बाहेरच राहू दे. आणि आत आल्यावर आधी हात धुवा.”

“मी काय पाप करून आले का गं?”

“तसं नाही, आई. सायलीसाठी.”

सायली त्यांची नात. लहान असताना एका बारशात कुणीतरी लाडाने तिच्या तोंडात चिक्कीचा तुकडा घातला होता. पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. दवाखान्यात वेळेवर पोहोचले म्हणून निभावलं. तेव्हापासून हे घर दाण्याला घाबरून राहत होतं. आता डॉ. रेहाना यांनी उपचार सुरू केला होता, तोही दाण्याचाच. दाण्याच्या पिठाच्या, कणभर वजनाच्या मोजलेल्या पुड्या. रोज एक, कुस्करलेल्या केळ्यात कालवून. शरीराला हळूहळू सवय लागली, तर पुढे चुकून एखादा दाणा पोटात गेला तरी जिवावर बेतू नये, एवढीच आशा. पुडी खाल्ल्यावर पळापळ नाही, गरम पाण्याची आंघोळ नाही, आणि मोठ्या माणसाने दोन तास नजर ठेवायची. कधी श्वास अडकलाच, तर मांडीत टोचायचं इंजेक्शनचं पेन पिवळ्या डब्यात तयार असायचं.

योगिनी बँकेत, शेखर अंबडला कारखान्यात. शाळेनंतर ते दोन तास बसणार कोण? म्हणून नवसाबाईंना बोलावलं होतं.

पहिले काही दिवस त्या कुरकुरल्या. “दाण्याने कुठं पोर मरतं व्हय? आमच्याकडं पोरं शेंगांच्या ढिगात लोळून मोठी झाली.” मग एकदा डॉक्टरांकडे मात्रा वाढवायला सगळे गेले. चिमूटभर पीठ खाऊन सायली तासन् तास खुर्चीत बसली आणि नर्स पुन्हा पुन्हा येऊन तिचा श्वास तपासत राहिली. ते नवसाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. परतताना रिक्षात त्यांनी पुडी कशी कालवायची, ते योगिनीला पुन्हा नीट विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून पुडीचा नेम झाला. नवसाबाई हातपाय धुणार, वाटी आधी देवापुढे ठेवणार, मग सायलीला मांडीशी घेऊन भरवणार. योगिनीला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. “आई आल्यापासून एक दिवस चुकला नाही,” ती बँकेत कौतुकाने सांगायची.

आणि इथेच एक चूक तयार होत होती, कुणाच्याही नकळत.

एका गुरुवारी सायली शाळेतून आली ती दप्तर टाकून सोफ्यावर आडवी झाली. नवसाबाईंनी कपाळाला हात लावला. कोमट होतं. उन्हातून आली असेल, त्यांना वाटलं. योगिनीने बजावलं होतं, ताप असेल तर पुडी द्यायची नाही, आधी मला फोन करायचा. पण याला काय ताप म्हणायचं? आणि नेम मोडायचा? मध्ये खंड पडला तर मात्रा मागे घ्यावी लागते, हेही त्यांनी ऐकलं होतं. पोरीने एवढं खाल्लेलं सगळं वाया जायचं.

त्यांनी केळं कुस्करलं.

“आजी, आज नको.”

“असं म्हणू नाय. एवढंसं तर हाय.”

“नको ना. कसंतरी होतंय.”

“माझ्यासाठी एक घास. आजीचं ऐकायचं नाय का?”

इथे जरा थांबू या. वाटी अजून नवसाबाईंच्या हातात आहे, चमचा सायलीच्या ओठांपाशी. या बाईला दुष्ट म्हणायची घाई करू नका. तिच्या जागी स्वतःला बसवून पाहा. आपल्यापैकी कितीजणांनी पाहुण्याच्या पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून जिलबी वाढली आहे? किती आत्यांनी, काकांनी, शेजारणींनी एखाद्या मुलाच्या ‘नको’ला हसून ‘थोड्याने काय होतंय’ म्हटलं आहे? हा आग्रह आपण प्रेम म्हणून शिकलो. समोरचा नको का म्हणतो, हे विचारायला मात्र आपल्याला कुणी शिकवलं नाही.

सायलीचं आजीवर प्रेम होतं. तिने तोंड उघडलं.

“आजी, ओठ चुरचुरतोय.”

“पाणी पी. केळ्याने होतं तसं.”

“घशात पण… आजी, माझा आवाज बघ कसा येतोय.”

“अगं बाई, गालावर काय उठलं हे? थांब, तुझ्या आईला फोन…”

“आधी पेन. आई म्हणाली, आधी पेन, मग फोन. पिवळ्या डब्यात आहे.”

“हे? मला नाय जमायचं गं. हात बघ कसा कापतोय.”

“टोपण काढ. आता इथे, मांडीवर. फ्रॉक राहू दे. जोरात दाब आणि धरून ठेव.”

“दुखंल तुला.”

“दुखू दे. दाब, आजी.”

टक्क असा आवाज झाला. चिमुकल्या दोन हातांनी म्हातारीचा थरथरता हात मांडीवर घट्ट दाबून धरला होता.

खालच्या मजल्यावरच्या दीपकने गाडी काढली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सायलीचा श्वास मोकळा होऊ लागला होता, तरी रात्रभर तिला देखरेखीखाली ठेवलं. योगिनी आली, लेकीला कुशीत घेतलं. सासूकडे पाठ करून ती पलंगावर बसली. शेखर म्हणाला, “आई, तू काही खाल्लंस का?” आणि नवसाबाईंना रडू फुटलं.

“मला कळवणच्या गाडीत बसवून दे,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून आता काय नको.”

सकाळी डॉ. रेहाना आल्या. सायलीला तपासलं, तिच्याशी दोन थट्टेच्या गोष्टी केल्या आणि बाहेरच्या बाकावर नवसाबाईंच्या शेजारी येऊन बसल्या.

“आजी, पेन तुम्ही वेळेत दिलंत.”

“मी कसलं, पोरीनंच दिलं. मी तर तिला इख चारलं.”

“इख नाही, औषधच दिलंत. चुकीच्या दिवशी दिलंत. अंगात ताप असला, पोट बिघडलं, पोर दमलेलं असलं, तर कालपर्यंत सोसलेली मात्रासुद्धा सोसत नाही. म्हणून कधी कधी न देणं हाही उपचारच असतो. आणि तो दिवस कुठला, हे पुडीवर लिहिलेलं नसतं. पुष्कळदा सायलीलाच आधी कळतं.”

“पण डॉक्टरीणबाई, पोरांचं ऐकत बसलं तर एक पोर औषध घ्यायचं नाय.”

डॉक्टर हसल्या. “माझा मुलगा अरसलान काढ्याचा वास आला की पलंगाखाली जातो. मी पाय धरून ओढते. नाटकी ‘नको’ मलाही माहीत आहे, आजी.”

“मग वळखायचं कसं?”

“हात खाली ठेवून विचारायचं. घास तोंडापाशी धरून विचारलं की मूल आपल्या तोंडाकडे बघतं. आजी रागावेल का, आईला वाईट वाटेल का, हेच बघतं. स्वतःच्या पोटाकडे बघायला त्याला सवडच मिळत नाही. आमच्याकडेही तेच. ‘अजून घ्या, अजून घ्या’ केल्याशिवाय पाहुण्याला उठू देत नाहीत. माझी अम्मी तर तुमच्याही वरताण आहे.”

आपण आजवर किती माणसांना वाढलं, त्यातल्या कितीजणांना खरंच हवं होतं? हा प्रश्न नवसाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा पडला.

त्या गावी गेल्या नाहीत. योगिनीनेच अडवलं. “तुम्ही गेलात तर उपचार बंद करावा लागेल, आई. मला राग आला होता, अजून थोडा आहे. पण राहा.”

काही दिवस पुडी बंद होती. मग डॉक्टरांनी मात्रा कमी केली, स्वतःसमोर खायला लावून पाहिली, आणि पुन्हा घरी द्यायला सांगितली. त्या संध्याकाळी नवसाबाईंनी सायलीचा ताप यंत्राने पाहिला. ताप नव्हता. केळं कालवून वाटी स्टुलावर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

“घेतीस का गं?”

सायलीने वाटीकडे पाहिलं. “आज नको.”

नवसाबाईंच्या ओठांवर ‘एवढंसं तर हाय’ आलंच होतं. त्यांनी ते गिळलं.

“का गं? काय होतंय?”

सायलीने डोळे मिटून विचार केला. “पोट ठीक आहे. घसा पण. भीती वाटतीये.”

“मला बी लय वाटती.”

“तुला पण?”

“हात बघ.” हात खरंच कापत होता. सायली खुदकन हसली.

“आईला येऊ दे, मग बघू,” नवसाबाई म्हणाल्या. “आज थोडा उशीर झाला तरी चालंल, डॉक्टरीणबाईंना विचारून ठिवलंय.”

दोघी भेंड्या खेळत बसल्या. योगिनी बँकेतून आली, तेव्हा झाकलेली वाटी स्टुलावर तशीच होती. तिने सासूकडे पाहिलं. “घेतली नाही?”

“ती म्हणंल तवा.”

योगिनी सासूशेजारी जमिनीवर बसली. मग सायली उठली, झाकण बाजूला केलं, चमचा स्वतः उचलला आणि घास तोंडात घातला. दुसरा. तिसरा. वाटी चाटूनपुसून तिने आजीपुढे उपडी धरली. पुढचे दोन तास तिघी तिथेच बसल्या. काहीही झालं नाही! काहीही न होण्याचा आनंद काय असतो, तो त्या तिघींना विचारावा.

मंडळी, सायलीसारखी मुलं आता आपल्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांच्या आईबापांना घाबरट म्हणू नका, त्यांच्या खाण्याला नखरे म्हणू नका, आणि त्यांच्या डॉक्टरची मात्रा आपल्या मायेने मोजू नका. एखादं मूल ‘नको’ म्हणालं, तर वाटी खाली ठेवा. मग त्याच्या शेजारी बसा आणि का ते विचारा. उत्तर ऐकेपर्यंत वाट बघण्यातही माया असते, आणि ती कुणाच्याही जिवावर बेतत नाही.