दुसऱ्या मजल्याची फरशी

त्या मध्ययुगीन किल्ल्याचं आता एवढंच उरलं होतं: एक उंच भिंत, निम्मा बुरूज, आणि भिंतीत तीस फुटांवर अधांतरी राहिलेली एक शेकोटी. मजले केव्हाच कोसळले होते, पण राखणदाराच्या नोंदवहीत ते धडधाकट होते. आधीचा राखणदार रोज लिहायचा, 'दुसरा मजला झाडला, पुसला'. यानेही सव्वीस वर्षं तीच री ओढली. लिहिणं थांबवलं असतं तर वर्षाला एक झाडू आणि एक बादली कमी मिळाली असती, आणि वही उघडून बघायची सवड होती कोणाला?

ती नव्या तपासनीसाला होती. आज राखणदाराच्या नोकरीचा शेवटचा दिवस, आणि तपासनीसाच्या सहीशिवाय पेन्शन सुरू होणार नव्हती. "सही घेतल्याशिवाय घरी येऊ नका," असं बायकोने सकाळीच बजावलं होतं आणि ती बोलेल तसं करणारी बाई होती.

तपासनीस तसा भला माणूस, पण कागदातून डोकं वर काढेल तर शपथ. "दुसरा मजला," तो फॉर्मवर बोट ठेवून म्हणाला. "बघितल्याशिवाय मी सही करत नाही."

"साहेब, वर जायची जरा अडचण आहे."

"जिना नाही?"

"शिडी आहे," राखणदार बोलून गेला, आणि मग स्वतःच्या जिभेला त्याने मनातल्या मनात लाख शिव्या घातल्या.

पारव्यांची घरटी काढायची लांब शिडी भिंतीला लागली. साहेब कागदात नाक खुपसूनच चढले आणि वाचता वाचता, शेकोटीच्या उंचीवर, शिडीवरून बाजूला उतरले. राखणदाराने डोळे गच्च मिटले. बराच वेळ पडल्याचा आवाज आला नाही म्हणून त्याने एक डोळा उघडला, तर साहेब भर हवेत बूट वाजवत चालले होते. ओरडावं तर ते खाली बघणार, आणि खाली बघितलं की संपलंच. साहेबांनी शेकोटीवरून बोट फिरवलं, ते निरखलं आणि फॉर्मवर खूण केली.

"फरशी ओली आहे," वरून आवाज आला. "आत्ताच पुसलीत वाटतं?"

"रोजच पुसतो, साहेब." इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं.

"नोंदीप्रमाणे आहे सगळं. वर या, सही तुमच्यासमोर करायची आहे."

राखणदार जीव मुठीत धरून चढला. वर पोचल्यावर त्याने डोळे मिटून घेतले, कारण साहेबांना खाली न बघितल्यामुळेच जमलं होतं हे त्याला कळून चुकलं होतं. त्याला मनातून भीती वाटत होती, पण डोळ्यांसमोर बायको उभी होती.

"पायातले काढून या," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "मलाही त्या शेकोटीजवळच्या बाईंनी आत्ताच काढायला लावले."

कोणत्या बाई, हे विचारायचा धीर त्याला झाला नाही. एका हाताने शिडी घट्ट धरून त्याने दुसऱ्या हाताने डावा बूट ओढून काढला, बाजूला सोडून दिला आणि तो तीस फूट खाली आपटायची वाट बघत थांबला.

आवाज लगेच आला, अगदी पायाशी.