संपतची फुंकर

"नोझल तुंबलंय, वहिनी. ऊन चढायच्या आत टोमॅटोवर फवारणी उरकायची हाय," म्हणत बोरीच्या दादाभाऊंनी पाठीवरचा पंप फळीवर आदळला.

वारूळवाडीच्या या दुकानात संपतने एकवीस वर्षं फवारणीचे पंप दुरुस्त केले. तुंबलेल्या नोझलमध्ये त्याने कधी तार घातली नाही. तारेने भोक मोठं होतं आणि फवारा बिघडतो. तो नोझल ओठांत धरून एकच फुंकर मारायचा, तोंडात आलेलं औषध थुंकायचा आणि पुढचा पंप ओढायचा. त्या फुंकरीचा त्याला भारी तोरा होता. आता तो दुकानातल्याच खाटेवर पडून असे आणि हत्यारं त्याच्या बायकोच्या, मंगलच्या हातात होती.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून सांगितलं होतं, "पेशीतला डीएनए रोजच कुठे ना कुठे तुटतो. पेशी वाढ थांबवते, तुटलेलं सांधते. सांधता आलंच नाही, तर स्वतःहून मरते. तुमच्या रक्तातल्या काही पेशी सांधल्याही नाहीत आणि मेल्याही नाहीत. वाढतच गेल्या."

"म्हंजे भंगारात टाकायचा पंप परत रानात गेला," संपत म्हणाला होता.

"तसंच. फवारणीच्या औषधानेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण यापुढे घरात कुणीच तोंडाने फुंकायचं नाही."

घरी आल्यावर संपतने मंगलला स्वतःची शपथ घातली होती.

मंगलने नोझल कोमट पाण्यात टाकलं. "अर्धा तास भिजू द्या, भाऊ. मग ब्रशनं निघंल."

"अर्धा तास? संपत एका फुंकरीत काढायचा. तुमाला जमत नसंल तर मी नारायणगावात जातो."

असंच म्हणून या महिन्यात चार गिऱ्हाइकं गेली होती. मंगलने खाटेकडे पाठ केली आणि पाण्यातलं नोझल उचलून ओठांशी नेलं.

"मंगल, ठेव ते खाली." संपत भिंतीला धरून उठला.

"त्यालाच द्या की, वहिनी," दादाभाऊ म्हणाले. "त्याचं आता काय बिघडायचं ऱ्हायलंय?" आपण काही वावगं बोललो असं त्यांना वाटलंही नाही.

संपतने तिच्या हातातून नोझल काढून घेतलं. दम पुरत नव्हता. तिसऱ्या फुंकरीला भोक मोकळं झालं. तो रक्त थुंकला आणि नोझल पुढे केलं.

दादाभाऊंनी खिशातला रुमाल काढला. संपतचा रोग आपल्याला लागू नये म्हणून नोझल दोनदा पुसलं आणि मगच हातात घेतलं.