कोकराचा कान

टॅमसिन सुट्टीला सासरी आली, की तिच्या पुढ्यात फुलांची बादली यायचीच. यंदाही आली. थॉर्नविकच्या जुन्या विहिरीवर उद्या सकाळी फुलांचं चित्र चढायचं होतं, आणि चर्चमागच्या दगडी कोठारात अर्धं गाव ओली माती थापलेल्या फळीवर वाकून पाकळ्या लावत बसलं होतं. बाहेरून आलेल्यांनी नुसत्या पाकळ्या खुडायच्या. फळीला हात लावायचा तो गावच्यांनी. लग्नाला तीन वर्षं होऊनही टॅमसिन आपली बादलीपाशीच.

"हिल्डा, सूनबाईंना बढती कधी?" कॉफीच्या बियांनी चित्रातल्या मेंढपाळाची काळी रेघ ओढत म्हातारा नॉर्मन म्हणाला.

"तू तोंड कमी चालव. मेंढपाळाचं नाक वाकडं चाललंय," सासूबाईंनी मान वर न करताच सुनावलं.

टॅमसिन बादली सरकवायला वाकली, आणि मांडीवरची तिची आठ महिन्यांची लेक नेल पुढे झेपावली. पंजा थेट चित्रातल्या कोकराच्या डोक्यावर!

मातीत पाच इवली बोटं उमटली होती. कोकराचा कान नेलच्या मुठीत होता आणि तोंडाच्या वाटेला लागला होता.

"झालं! नातीने कोकरू खाल्लं," नॉर्मन म्हणाला.

टॅमसिनला रडूच यायला लागलं. इतकी वर्षं त्या फळीशी जागा मिळेल म्हणून वाट पाहिली, आणि आता बादलीसुद्धा जायची.

"चुकलं, हिल्डा. मी हिला घरी नेते."

"बस गं."

हिल्डाने सुरीने तो पंजा उमटलेला तुकडा अलगद कापून बाजूला ठेवला, नवी माती थापली, अंगठ्याने सारखी केली. मग नातीला उचलून कडेवर घेतलं.

"बघत काय बसलीस? लेकराने मोडलं तर आईने भरायचं."

"पण मी तर बाहेरची..."

"मला नाही दिसत. चष्मा घरी राहिलाय माझा."

नॉर्मनने हिल्डाच्या डोक्यावर चढवलेल्या चष्म्याकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून घेतलं.

टॅमसिनने एक पांढरी पाकळी कानाच्या वरच्या टोकाला टेकवली.

"खालून, बाई, खालून! कौलं काय वरून घालतात? पाऊस आत शिरेल ना!" हिल्डा लगेच म्हणाली.

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत, साबणाशेजारी, तो पंजाचा तुकडा वाळत ठेवलेला दिसला.

आणि पाऊस आलाच. विहिरीभोवती छत्र्या उघडल्या. सगळे चित्र पाहत होते, टॅमसिन फक्त कान. पाणी एका पाकळीवरून दुसरीवर घसरत खाली गेलं. एकही पाकळी हलली नाही.

"सशाचा वाटतोय," नॉर्मन पुटपुटला.

नेलचं टोपडं नीट करत हिल्डा म्हणाली, "वाटू दे. पुढच्या वर्षी सुधारेल तिचा हात."