मनकर्णाच्या शेगडीची राख

कांता उंदीरवाडे बल्लारपूरला घरी आली ती तोंड पाडूनच. पिशवीतले कपडे तिनं न्हाणीत फेकले, आलेखाचा कागद तेवढा भिंतीला टाचला आणि त्यानंच आपलं वाटोळं केल्यासारखी त्याच्याकडे बघत बसली.

वाटोळं म्हणजे काय, तेही सांगतो. साल शहाऐंशी. कांता नागपूरच्या विद्यापीठात पोहनकर सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. मुंबईच्या एका समितीनं पाच विद्यापीठांना एकाच किरणोत्सारी धातूचे नमुने वाटले होते. धातूचे किरण निम्म्यावर यायला किती दिवस लागतात, ते ज्यानं त्यानं आपल्या यंत्रावर मोजायचं आणि पाचांचं मिळून एक कोष्टक छापायचं. चौघांनी साठ दिवस सांगितले. कांताचे आले सदुसष्ट! समितीचं पत्र आलं : एकतीस मार्चपर्यंत कारण कळवा, नाहीतर तुमचा आकडा वगळू. वगळला की पुढचा नमुना मिळायचा नाही, आणि तीन वर्षांची मेहनत गेलीच म्हणायची.

"काऊन वं, जेवत काऊन नाई?" मनकर्णा, म्हणजे कांताची आई, कोळशाची शेगडी झाडत म्हणाली. "कागदाले का पाहून राह्यली?"

"माय, हे रेघ दिवाळीपावतर सरळ उतरते. मंग तिले उतराचाच कंटाळा येते."

"दिवाळीनंतर का झालं?"

"काहीच नाई. खोली तेच, यंत्र तेच, मीबी तेच."

"बरं, जाऊ दे. तुयी राख त सरली असन? दिवाळीले पीपभर नेली होती. दुसरी चाळून ठेवली हाये, घेऊन जाय."

कांता बघतच राहिली. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

प्रयोगशाळेत भांडी घासायला पावडर कधी वेळेवर यायची नाही. तिथला शिपाई इसरूभाऊ राखेवाचून भांड्याला हात लावत नसे, म्हणून कांतानं दिवाळीच्या सुटीनंतर घरची बारा किलो राख नेली होती. मोरी यंत्राच्या मागे, त्यामुळे पीपही तिथंच. यंत्राभोवती शिशाच्या विटा रचलेल्या, पण विटा कमी पडल्या म्हणून मागची बाजू उघडी. आणि दगडी कोळशाच्या राखेतही थोडे किरण असतातच, आपल्या मातीत असतात तसे. नमुना नसताना यंत्र किती मोजतं, ते कांतानं जुलैत पाहून ठेवलं होतं आणि रोजच्या मोजणीतून तेवढंच वजा करत होती. जुलैत पीप कुठं होतं? नमुन्याचे किरण कमी होत गेले, राखेचे काही कमी झाले नाहीत. रेघ उतरणार कशी!

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तशी मनकर्णा घाबरली.

दुसऱ्याच दिवशी नागपूर. पीप जागेवर ठेवून रिकामं यंत्र चालवलं, मोजणी वाढली. पीप व्हरांड्यात नेलं, मोजणी पडली. इसरूभाऊंचा चेहरा उतरला. "म्या रोज हात घालत होतो नं, बाई!"

"भिऊ नका भाऊ, एवढे त घराच्या विटांतबी असतात."

नव्यानं वजाबाकी केली. उत्तर आलं साठ पूर्णांक तीन दशांश.

सरांनी पाठ थोपटली, पण पत्राचा मसुदा वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कांता, 'बाह्य कारण' एवढंच लिही. शेगडीची राख कशाला? चार विद्यापीठांत हसतील."

हसतील, हे तिलाही कळत होतं. त्यांच्या वस्तीतून इतकं शिकलेली ती पहिलीच. राख घेऊन आली बघा विद्यापीठात, असं कुणी म्हटलं तर? पेन घटकाभर अडलंच. पण कारण झाकलं तर उद्या दुसरा कुणी असाच फसणार. मग पाचांनी मिळून मोजायचं तरी कशाला? तिनं लिहून टाकलं : "माझ्या आईच्या कोळशाच्या शेगडीची राख, बारा किलो, यंत्रामागे. चूक माझी."

पंधरा दिवस ती टपालाची वाट बघत राहिली. मग उत्तर आलं. आकडा घेतला होता. शिवाय, पत्र वाचून आणखी एका विद्यापीठानं आपली खोली तपासली, तर त्यांच्या फरशीखाली कोळशाची खंगर, म्हणजे जळून उरलेले खडे, भरलेली निघाली. आता पाचही ठिकाणी एकच राख ठेवून यंत्रांभोवतीचा शिशाचा आडोसा किती पुरतो ते तपासायचं ठरलं होतं. त्याच शेगडीच्या राखेचे पाच डबे पाठवावेत, डब्यावर पाठवणाऱ्याचं नाव असावं.

मनकर्णानं पदर नाकाला बांधून राख चाळली. "एवढ्या शिकल्या लोकायच्या घरी राख नाई का वं?" म्हणत डबे भरले. कांतानं झाकणं लावून चिठ्ठ्या चिकटवल्या. मनकर्णाला आपलं नाव तेवढं वाचता यायचं. तिनं बोट फिरवत वाचलं : मनकर्णा उंदीरवाडे, बल्लारपूर.

"माह्यं नाव काऊन?"

"राख तुयीच हाये नं, माय."

 मनकर्णानं पाचही डबे पुन्हा उघडले, राख सुपात ओतली आणि चाळणी हातात घेतली.

"थांब," ती म्हणाली, "अजून एक डाव चाळते."