प्रेमलताबाईंच्या गंगाळातलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनं पितळी गंगाळ आहे. सौंसरच्या एका अंगणात मी पडलेलो असतो आणि कोंबड्या माझ्यातलं पाणी पितात. पण एक काळ असा होता, की माझ्या पाण्याला माणसं भ्यायची.

नागपूरच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. रघुनाथराव कारकुनांच्या लग्नात मी सौंसरला आलो. पुढे नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं, आणि रघुनाथरावांनी नागपूरची नोकरी पत्करली. सामान फार झालं होतं. त्यांच्या घरची बाळंतपणं केलेल्या प्रेमलताबाईंकडे ते मला ठेवून गेले.

प्रेमलताबाई ख्रिस्ती होत्या, छिंदवाड्याला शिकलेल्या नर्स. घरात एकट्याच राहायच्या. शनिवारी संध्याकाळी त्या माझ्यातल्या पाण्याने हातपाय धुवायच्या आणि तिथेच पाटावर बसून, आठवडाभरात कुणाविषयी मन मळलं ते देवाला सांगायच्या. ज्याच्याशी बिनसलं असेल, त्याच्या घरी जाऊन बोलून यायच्या. मन साफ झाल्याशिवाय रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घ्यायचं नाही, असं त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. शेजारची छाया पाणी तापवायला, मला घासायला यायची.

एका हिवाळ्यात बोरगावचा गुणवंता आपल्या बायकोला, उर्मिलेला, बैलगाडीतून घेऊन आला. सोबत त्याची आई अंबाबाई होती. मायलेक बाहेर थांबले, आत बाईंच्या हाताशी छाया होती. बाळ झालं, पण रडेना. बाईंनी त्याला माझ्यातल्या कोमट पाण्यात धरलं, पाठ चोळली आणि येशूचं नाव घेत राहिल्या. शेवटी बाळ रडलं. गुणवंताने बाईंना हात जोडले.

पण थोड्याच दिवसांत बोरगावात कुजबुज सुरू झाली. नर्सबाईनं पोराला गंगाळात बुडवून बाटवलं म्हणे. तिकडच्या गाड्या यायच्या थांबल्या. बाजाराला निघालेल्या बायका आमचं दार आलं की रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागल्या. एकीने तर तहानलेल्या पोराला माझ्यापासून ओढून नेलं.

प्रेमलताबाईंच्या मनात एकच विचार घोळू लागला. खोलीत उर्मिला अर्धवट शुद्धीत होती. शुद्धीवर होती ती फक्त छाया. मग बाहेर सांगितलं कुणी?

त्यांनी छायाला काही विचारलं नाही. फक्त मला घासायला तिच्या हाती देणं बंद केलं. ती आली की त्या प्रार्थना मनातल्या मनात म्हणायच्या. ती दाराशी कुणाशी बोलताना दिसली की कान देऊन उभ्या राहायच्या. तिच्या बांगड्या वाजल्या की मलाही वाटायचं, आता ही काय बघून जाणार?

शनिवारी हातपाय धुणं चालू होतं, पण पाटावर बसणं सुटलं. छिंदवाड्याहून पाद्रीसाहेब आले, त्या रविवारी बाई प्रभुभोजनाला उठल्याच नाहीत. तशाच घरी आल्या आणि छायाला हाक मारून समोर बसवलं.

"छाया, बोरगावात तू सांगितलं, असं माझ्या मनात आहे. लय दिवसांपासून आहे."

"मले मालूम आहे बाई. गंगाळ हातातून घेतलं, तवाच समजली मी."

"सांगितलं का तू?"

"नाही. पण मी नाही म्हटलं, तर ते तुमच्या मनातून जाईन का?"

बाईंनी मला सरकवून तिच्या पुढ्यात ठेवलं. मग म्हणाल्या, "जायला पाहिजे. मला माफ कर."

चिंच आणि राख घेऊन छाया मला घासायला बसली, ती इतक्या जोराने की माझ्या कड्या खणखणल्या. घासता घासता तिने सांगितलं, की उर्मिलेच्या बाळाच्या अंगावर फोड उठले आहेत आणि तापही आहे.

"आणत काहून नाही इकडे?" बाईंनी विचारलं.

"भिऊन राहिले. मीच जाते आणाले. तुम्ही नका येऊ, तुम्हाले पाहून दार लावतीन."

बाजाराच्या दिवशी छाया उर्मिलेला आणि बाळाला घेऊन आली. अंबाबाईही आली आणि मला अगदी चिकटून बसली. बाई माझ्यातल्या, कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याने बाळाचं अंग धुऊ लागल्या. म्हातारीची नजर बाईंच्या ओठांवरून हलत नव्हती.

"काय पुटपुटून राहिली?"

"बाळासाठी मागणं मागते मावशी. मोठ्यानं म्हणू?"

"म्हण."

"देवा, या लेकराला बरं कर. माझे हात आणि माझं मन स्वच्छ ठेव. येशूच्या नावानं मागते."

"त्या दिवशीबी हेच म्हटलं होतं?"

"लेकराला वाचव, एवढंच म्हटलं होतं."

अंबाबाईने मान खाली घातली. "मी खिडकीपाशी होती. मले निस्तं येशूचं नाव आयकू आलं. बाकीचं मीच जोडलं अन् गावात सांगतलं."

बाईंचा हात थांबला. त्यांनी छायाकडे पाहिलं. छाया चुलीत लाकूड सारत होती.

"पाणी थंडं होऊन राहिलं बाई," ती एवढंच म्हणाली.

अंबाबाईचं मन तरीही भरलं नव्हतं. तिने माझ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, हुंगलं आणि चाखलं. तोंड वाकडं झालं. "निंबच आहे," ती म्हणाली, आणि नातवाचा दुसरा पाय स्वतः पुढे केला.

बाळ बरं झालं. बोरगावच्या गाड्या पुन्हा येऊ लागल्या, सगळ्या नाही. काहीजणी शेवटपर्यंत पलीकडूनच गेल्या. पुढच्या वेळी पाद्रीसाहेब आले, तेव्हा प्रेमलताबाई प्रभुभोजनाला उठल्या.

मित्रांनो, आता माझ्या अंगावर हिरवट थर चढला आहे. कुणी सवडीने घासलं तर बरं वाटेल. पण तुमच्या मनात जवळच्या माणसाविषयी काही आलं असेल, तर आधी तिकडे जा. त्याला समोर बसवून विचारा. ते माणूस कदाचित रोज तुमच्या घरी येत असेल, आणि तुम्ही कधी विचाराल याची वाट पाहत असेल.